उपकार म्हणून येऊ नका

मराठी सिनेमा जगला पाहिजे असं कळकळीनं म्हणणाऱ्या आणि तो बघायला न येणाऱ्या प्रेक्षकास,



पत्राला निमित्त झालं गेल्या महिन्यातल्या एका लग्नाचं. जेवणं उरकली होती, पानाचं तबक फिरत होतं आणि तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मराठी सिनेमाची चिंता करत होतात. दक्षिणेकडे बघा, लोक आपल्या सिनेमावर कसा जीव टाकतात. आपल्याला मात्र मल्टिप्लेक्सवाले सकाळी नऊ नाहीतर दुपारी तीन, असले आडवेळचे खेळ देतात. आपलीच भाषा, आपलंच राज्य, आणि आपल्यालाच जागा नाही. सगळं खरं होतं, मी मान डोलावत होतो. शेवटी न राहवून विचारलं, थिएटरात जाऊन बघितलेला शेवटचा मराठी सिनेमा कोणता? तुम्ही जरा आठवलंत, वहिनींकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘सैराट’. म्हणजे २०१६. आणि त्यानंतर? ‘‘टीव्हीवर लागतातच की हो सगळे.’’

वहिनी तेव्हा हळूच काहीतरी म्हणाल्या. ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, मला गेलं. त्याकडे मागाहून येतो.

त्यानंतर तीनच दिवसांनी, एका मंगळवारी, आमच्या शहरातल्या थिएटरात नवा मराठी सिनेमा बघायला गेलो. खिडकीवरचा पोरगा अदबीनं म्हणाला, ‘‘काका, पाच तिकिटं झाली तर खेळ लावतो, नाहीतर एसीचा खर्चसुद्धा निघत नाही.’’ वीस मिनिटं थांबलो. कोणी आलं नाही. मग मी पाच तिकिटं काढली आणि एका खुर्चीवर जाऊन बसलो. सिनेमा बरा होता. थोर वगैरे नव्हता. मध्यंतरात समोसेवाला मात्र मला उत्सवमूर्ती असल्यासारखा न्याहाळत होता. उरलेल्या चार खुर्च्यांकडे बघत घरी आलो आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुम्हाला वाटेल, हा आता रागावणार. नाही. तुम्ही येत नाही ही माझी तक्रारच नाही. तुम्ही ‘यायला पाहिजे’ म्हणता, तिथं माझी तक्रार आहे. तुमच्या बोलण्यात मराठी सिनेमा म्हणजे गावाकडचा आजारी चुलता असतो. त्याला एकदा भेटून यायला हवं, जाताना सफरचंदं न्यायला हवीत, उशाशी दोन तास बसायला हवं. अशा भेटीला कोण हौसेनं जातं? ती पुढच्या रविवारवर जाते आणि पुढचा रविवार येत नाही. म्हणून सांगतो, उपकार म्हणून येऊ नका. भाषेसाठी येऊ नका, माझ्यासाठी तर मुळीच नको. मी ज्या सिनेमांची नावं पुढं घेणार आहे, त्यातला एकही मी मराठीची सेवा म्हणून पाहिलेला नाही. मला ते बघवले, पुन्हा बघवले आणि काही इतके अंगावर आले की चार दिवस कुणाशी धड बोलवलं नाही. सांगायचं आहे ते एवढंच. आता गाऱ्हाणी.

पहिलं प्रभात फिल्म कंपनीचं. प्रभातचं नाव निघालं की तुमची छाती फुगते. त्यांच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी ती बाई तुम्हाला ठाऊक असते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, हेही पाठ असतं. बघितलाय का असं विचारलं की, ‘‘लहानपणी दूरदर्शनवर थोडासा.’’ बाकीचा राहिला कारण तो देवाचा सिनेमा आहे, आणि देवाचं काय बघायचं, ते माहीतच असतं.

तो देवाचा नाही हो, आवलीचा सिनेमा आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी विष्णुपंत पागनीसांना तुकाराम केलं, आणि पागनीस असे वाटतात की दुसरा तुकाराम पुढं डोळ्यांसमोर येतच नाही. पण पडदा खाते ती गौरी, तुकोबांच्या बायकोचं, आवलीचं म्हणजे जिजाईचं काम करणारी. तिच्या चालण्यात, कमरेवर हात ठेवून उभं राहण्यात, कडाकडा बोलण्यात नटीपणाचा मागमूस नाही. घरात पोरं, दारात म्हैस, डब्यात दाणा नाही आणि नवरा अभंग करतोय. पोर आजारानं लोळागोळा झालं तेव्हा ती तरातरा देवळात जाते आणि पायातलं पायताण हातात घेऊन विठोबासमोर उभी ठाकते. देवाला जाब विचारते. आज असा प्रसंग कुणी लिहिला तर काय काय होईल याचा अंदाज तुम्हीच बांधा. १९३६ साली कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कारण बघणाऱ्या प्रत्येकाच्या घरात एक आवली होती. सिनेमा तिला कधी खुळी ठरवत नाही. तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात तेव्हाही तिला संसार सोडवत नाही, आणि गरुडाचं विमान उडून गेल्यावर आपण वर बघत नाही, खाली उरलेल्या तिच्याकडे बघतो.

जाता जाता एक. या सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक पद लोकांना इतकं तुकोबांचंच वाटलं की जाणत्या माणसांनी ते गाथ्यात शोधलं म्हणतात. सिनेमावाल्याला याहून मोठं बक्षीस व्हेनिसमध्ये मिळत नसावं.

‘‘जुने सिनेमे संथ असतात आणि सगळे नाटकी बोलतात,’’ हे तुमचं दुसरं वाक्य. अर्धं कबूल. पण मग व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ एकदा रात्री घर शांत असताना लावा. १९३७ चा आहे. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी संसाराला ठाम नकार देते, एवढीच गोष्ट. त्यात पार्श्वसंगीत नाही. मुद्दाम नाही. आहेत ते घरातले आवाज, आणि त्यात भिंतीवरचं घड्याळ. त्या म्हाताऱ्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं घड्याळ बंद पडतं, चालतं, पुन्हा अडतं, आणि केशवराव दाते त्या घड्याळाकडे असे बघतात की त्यांचाच आपल्याला राग आणि त्यांचीच कीव एकदम येते. हे अवघड असतं. म्हातारा खलनायक करून टाकला असता तर काम सोपं होतं. आपण शिट्ट्या मारून घरी गेलो असतो. शांता आपटेंची नीरा रडत नाही. बाई रडली म्हणजे सिनेमा हृदयस्पर्शी झाला, असं मानणाऱ्या आजच्या मालिकावाल्यांनी हा दर सहा महिन्यांनी बघावा, असं माझं मत आहे. ते मागितलेलं नाही, तरी देतो.

तिसरी तक्रार तुमच्या एका प्रश्नाबद्दल आहे. मी एखादं नाव सुचवलं की तुम्ही विचारता, ‘‘कुटुंबासोबत बघण्यासारखा आहे ना?’’ म्हणजे काय, ते मला समजतं. पण तुम्ही ज्या मुलांच्या काळजीनं हे विचारता, त्या मुलांना घेऊन तुम्ही ‘विहीर’ बघितला नाहीत, ‘किल्ला’ बघितला नाहीत. शिवी नाही, चाळे नाहीत, मारामारी नाही. तरी राहिलेच.

‘किल्ला’ अविनाश अरुण यांचा. वडील गेल्यावर आईची बदली कोकणात होते आणि अकरा-बारा वर्षांचा चिन्मय पुण्यातून तिकडे येऊन पडतो. नवी शाळा, नवी टोळी, धो धो पाऊस. एकदा पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस धरतो, आणि मित्र त्याला तिथंच सोडून निघून जातात. बस्स, एवढंच. मोठ्यांच्या जगात ही काही घटनाच नव्हे. पण बदलीच्या नोकरीतल्या बापाचा मुलगा म्हणून सांगतो, त्या ओल्या दगडी भिंतींतून मित्रांच्या नावानं हाका मारत फिरणारा पोरगा बघताना माझ्या घशाशी आलं. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं त्याला बक्षीस दिलं, २०१४ साली. जर्मनीतल्या पोरांना कळलं. आपल्या पोरांपर्यंत तो आपण पोचवला का?

आणि ‘विहीर’. उमेश कुलकर्णींचा. याविषयी बोलायला लागलो की माझी मुलं उठून जातात, तुम्ही बसा. समीर आणि नचिकेत ही दोन भावंडं, एकमेकांना पत्रं लिहिणारी. सुट्टीत, घरच्या लग्नाच्या धामधुमीत दोघं भेटतात. नचिकेतच्या डोक्यात काहीतरी चालू आहे, त्याला हे सगळं सोडून कुठंतरी निघून जायचं आहे, आणि का ते त्यालाही नीट सांगता येत नाही. मग एक दिवस तो विहिरीत बुडून जातो. सिनेमा अजून पुष्कळ उरलेला असतो. त्या उरलेल्या वेळात समीर त्याला शोधतो, लपंडावात लपलेल्या गड्याला शोधावं तसा. मरण म्हणजे काय हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपण कधी सांगतो? सांगत नाही. ‘‘देवाघरी गेला’’ म्हणतो आणि त्याला क्लासला पाठवतो. माझ्या बहिणीच्या मुलाचा जिवलग मित्र अपघातात गेला, तेव्हा आमच्या घरात कुणालाच त्याच्याशी काय बोलावं सुचत नव्हतं. महिन्याभरानं मी त्याला हा सिनेमा लावून दिला आणि शेजारी बसलो. तो काही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, ‘‘मामा, परत लाव.’’

आता चौथं. हे जरा टोचेल. तुम्हाला प्रत्येक सिनेमातून ‘मेसेज’ हवा असतो. बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावायच्या आत तो हातात पडायला हवा. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघून आलेले तुमचेच एक मित्र मला म्हणाले होते, ‘‘शेवटी काय झालं तेच कळलं नाही. निकाल दाखवायला नको?’’ व्हेनिसमध्ये २०१४ साली दोन बक्षिसं, नंतर राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, हे त्यांना मी सांगत बसलो नाही. बक्षिसांमुळे सिनेमा कळत नाही, उलट लोक बिचकतात.

गोष्ट अशी. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर. त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा आरोप. आरोप हास्यास्पद, पण कोर्टात कोणी हसत नाही. तारीख पडते, तारीख पडते. बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत. कॅमेरा एका जागी बसून असतो, बाकावर बसलेल्या पक्षकारासारखा. आणि मग तो सरकारी वकील बाईंच्या मागं लोकलनं घरी जातो. गीतांजली कुलकर्णींचं ते काम मी कधी विसरणार नाही. दिवसभर म्हाताऱ्याला तुरुंगात डांबा म्हणून भांडलेली बाई डब्यात मैत्रिणीशी साडीबद्दल बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते. ती दुष्ट नाही. ती तुमच्या-माझ्या घरातली आहे. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून एक नाटक बघायला जातात. परप्रांतीयांची टर उडवणारं विनोदी नाटक, टाळ्यांवर टाळ्या. मी ते बघताना हसलो. एक हशा आला आणि मग ध्यानात आलं, मी त्या नाट्यगृहातल्याच एका खुर्चीवर बसलोय. काय हा मेसेज? सांगा.

शेवटी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून विझतात, अंधार. आमच्या खेळाला निम्मं थिएटर उठलं, पिशव्या उचलल्या. आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला. खरा महत्त्वाचा भागच पुढं होता: सुट्टीवर गेलेले न्यायाधीश, बागेतल्या बाकावर डुलकी. काय होतं ते सांगत नाही. उठू नका एवढंच सांगतो. त्यातला शाहीर झालेले वीरा साथीदार कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. ते मुरलेले नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते, आणि ते पडद्यावरही दिसतं.

‘फँड्री’बद्दल तुम्ही म्हणालात, ‘‘चांगला आहे म्हणतात, पण त्यांचा आहे ना तो.’’ हे ‘त्यांचा’ मला फार दिवस पुरलं. नागराज मंजुळेंच्या त्या सिनेमातल्या अखेरच्या दगडाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्यात भर टाकत नाही. मला राष्ट्रगीताचा प्रसंग सांगायचा आहे. शाळकरी जब्याचं अख्खं कुटुंब डुकराच्या मागं धावतंय, डुक्कर आता सापडणार, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचा बाप कचरू जागच्या जागी ताठ उभा राहतो. पोरगा उभा राहतो. डुक्कर निघून जातं. आपल्याकडे सिनेमाआधी राष्ट्रगीत होतं, आपण उभे राहून बसलेलो असतो. आणि पडद्यावर ते पुन्हा सुरू झालं तेव्हा आमच्या थिएटरात काही जण अर्धवट उठले, एकमेकांकडे बघून गोंधळले, काही बसले, काही तसेच वाकून राहिले. माझ्या पुढचे एक गृहस्थ शेवटपर्यंत उभे होते, आणि मागून कोणी त्यांना ‘‘बसा हो’’ म्हणालं नाही. तेवढा वेळ तो सिनेमा कुणाचा होता?

‘‘शेतकऱ्यांवरचे सिनेमे रडके असतात,’’ यावर मी वाद घालत नाही, फक्त सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) पुढं करतो. विदर्भात शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर एका बायकोला धास्ती बसते की आता आपलाही नवरा असंच काही करणार. म्हणून ती त्याला गोडधोड करून घालते, पोराला त्याच्या पाळतीवर लावते. आणि त्या बिचाऱ्या किसनाला कळेना की घरात सगळे एकाएकी एवढं चांगलं का वागायला लागले. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. तुम्ही पोट धरून हसाल आणि हसता हसता पावसाकडे बघाल. राजकारणाच्या चर्चा रात्री अकरापर्यंत बघत असाल तर त्यातले दोन तास वाचवून जब्बार पटेलांचा ‘सामना’ बघा, मग ‘सिंहासन’. पहिल्यात मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचं काय झालं एवढाच प्रश्न एक दारुडा मास्तर साखरसम्राटाला विचारत राहतो. दुसरा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, १९७९ चा. मंत्रिमंडळं बदलली, फोन बदलले, बाकी तुम्हाला काही नवं वाटणार नाही.

इथं मला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पत्र खोटं ठरेल. मीही तुम्हीच होतो. १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला. पटकथा पु. लं.ची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि विदूषक लक्ष्मीकांत बेर्डे. आम्ही कॉलेजातले तिघं पोटभर हसायच्या तयारीनं गेलो. पडद्यावर एक तमाशातला सोंगाड्या होता, तो सिनेमात मोठा होत होता, पुढं राजकारण्यांच्या हातात सापडत होता, आणि आमचा लक्ष्या आम्हाला हसवतच नव्हता. म्हणजे हसवत होता, पण ते हसू कुठंतरी अडकत होतं. मध्यंतरात आम्ही बाहेर पडलो. ‘‘काय रडगाणं लावलंय,’’ हे वाक्य माझंच. भेळ खाल्ली आणि घरी गेलो. सिनेमा चालला नाही. बेर्डे पुन्हा त्यांच्या नेहमीच्या सिनेमांकडे वळले आणि आम्ही पुन्हा रांगा लावल्या. २००४ साली ते गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी तो उरलेला अर्धा भाग पाहिला. लोकांना हसवणं एवढंच ज्याच्याकडून मागितलं गेलं, त्या माणसाची ती गोष्ट होती, आणि ती सांगायला तोच उभा होता. आम्ही मध्यंतरात उठून त्याला काय उत्तर दिलं, ते तेव्हा कळलं नाही.

म्हणून तुम्हाला दोष देताना माझा आवाज फार चढत नाही.

आणखी एकच नाव घेतो. ‘अस्तु’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे पंडित, मोहन आगाशे, मुलीच्या गाडीतून उतरतात आणि रस्त्यानं चाललेल्या एका हत्तीच्या मागं निघून जातात. इकडे मुलगी शहरभर शोधते आहे, तिकडे माहुताची बायको या अनोळखी म्हाताऱ्याला जेवू घालते, आणि तो तिला आई म्हणायला लागतो. अमृता सुभाष यांनी त्या बाईला असा काही ओलावा दिला आहे की घरात असं माणूस सांभाळणाऱ्या कुणालाही तो हात ओळखीचा वाटेल. माझ्या आईची शेवटची तीन वर्षं अशीच गेली. ती मला ‘‘तुम्ही कोणाचे?’’ विचारायची. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपत्रकांतून जे समजलं नाही, ते मला यातून समजलं: ओळख पुसली तरी माणूस उरतो, आणि त्याच्याशी वागताना ओळखीची गरज नसते. हा सिनेमा २०१३ साली तयार झाला आणि चित्रपटगृहात यायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी तुम्ही ‘सैराट’ला गेला होतात. मी ‘सैराट’ला तीनदा गेलो, तेव्हा त्यावरून मी काही बोलणार नाही.

आता मागण्या. थोड्याच आहेत.

यायचं असेल तर शुक्रवार ते रविवार या. सोमवारी कोणता सिनेमा कुठल्या वेळेला ठेवायचा आणि कोणता उतरवायचा, हे या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ठरतं. ‘‘चांगलं ऐकू आलं की जाऊ,’’ म्हणता तोवर तो नऊच्या खेळाला गेलेला असतो, आणि ‘‘नवाला कोण जातं,’’ म्हणता तोवर तो गेलेलाच असतो. तिकीट महाग आहे, हे मान्य. चौघांचं कुटुंब, वर पॉपकॉर्न. महिन्याचं दूध येईल. मग चौघं नका येऊ. एकटे या. एकट्यानं सिनेमा बघण्यात लाज नाही, मी पाच तिकिटांचा अनुभव घेतलेला माणूस आहे. पॉपकॉर्न घेऊ नका.

जुने बघायचे तर घरीच बघावे लागतात, त्याला इलाज नाही. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘कोर्ट’ बघता बघता व्हॉट्सॲप बघितलंत तर काहीच घडत नाही असं वाटेल, आणि मग तुम्ही मला तसं सांगाल, आणि आपलं भांडण होईल. पंधरा सेकंदांची क्लिप बघून ‘‘बघितलाय’’ म्हणू नका. आवडला नाही तर खुशाल सांगा. ‘मराठी आहे म्हणून’ बरा म्हणू नका. ते वाक्य ऐकलं की मला तो आजारी चुलता आठवतो. वाईट मराठी सिनेमा वाईटच असतो आणि तो पुष्कळ निघतो, हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

आणि वहिनींचं. लग्नात त्या हळूच म्हणाल्या होत्या, ‘‘मला ‘उंबरठा’ आठवतो.’’ १९८२ चा, स्मिता पाटीलचा. मी नंतर त्यांना विचारलं. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर मॅटिनीला गेल्या होत्या. घर, नवरा, मुलगी मागं ठेवून सुधारगृहात नोकरीला जाणारी सुलभा. येताना बसमध्ये सगळ्या भांडल्या, म्हणाल्या. निम्म्या म्हणत होत्या तिनं चुकीचं केलं. ‘‘तुम्ही कोणत्या बाजूला होतात?’’ मी विचारलं. त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तेव्हा कुणाला तरी मल्टिप्लेक्सबद्दल सांगत होतात. ‘‘तेव्हा एका बाजूला होते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता परत बघायला पाहिजे.’’

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
पाच तिकिटांचा एक प्रेक्षक

ता. क. येत्या शुक्रवारी एक नवा लागतो आहे. दिग्दर्शकाचं नाव मी याआधी ऐकलेलं नाही, त्यामुळे चांगला असेल याची हमी देत नाही. सहाच्या खेळाला मी असेन. तुम्हाला जमलं नाही तरी वहिनींना पाठवा. त्यांचं तिकीट मी काढून ठेवतो.